जुना संगणक आणि स्वस्त ग्राफिक्स कार्ड

मी शास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली, छत्तीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकविला आणि निवृत्त झालों. अशा मनुष्यानें संगणकाच्या पोटांतील एका कार्डाविषयीं बोलावयास बसावें हें पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु हा विषय मीं हौसेनें घेतलेला नाहीं. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनें तो माझ्या पदरीं बांधला.

माझी नात वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. तिच्याजवळ एका कचेरीनें काढून टाकलेला, सेकंडहँड घेतलेला संगणक आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ८ जी.बी. रॅम, आणि एखाद्या जाड शब्दकोशासारखें बारीक कॅबिनेट. घराचा नमुना पडद्यावर फिरवून पाहावयाचा म्हटला कीं तो अडखळत, थांबत फिरे. शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून तिनें बारा हजार रुपये साठविले होते व त्यांत ग्राफिक्स कार्ड घ्यावें असा तिचा बेत होता. "आजोबा, तुम्ही घाई करूं नका, मी आधीं नीट माहिती काढतें," असें ती म्हणत होती. पण मला धीर निघेना. इतकीं वर्षें शाळेचे जमाखर्च तपासलेल्या माणसाला एक वस्तु पारखून घेतां येऊं नये काय, असा माझा ताठा! मी एका दुकानांत गेलों. दुकानदारानें एक लहानसें कार्ड पुढें केलें. डब्यावर 'जी.टी. १०३०' हें नांव आणि '२ जी.बी.' हा आंकडा ठळक अक्षरांत होता. पांच हजार रुपये मोजून मी तें घरीं घेऊन आलों. तें बसलें, चालूंहि झालें. आणि नमुना पूर्वीपेक्षां किंचित् बरा, पण अडखळतच फिरूं लागला. दुकानदार तें परत घेईना. मुलगी मला एका शब्दानें कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

इतिहासाच्या मास्तराला अशा वेळीं दुसरें काय सुचणार? मीं ह्या कार्डांचा इतिहास वाचावयास घेतला. तेव्हां असें दिसून आलें कीं मला जी ठेंच लागली ती माझ्या आधीं चाळीस वर्षें लोकांना लागत आलेली आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १२ ऑगस्ट १९८१ ह्या दिवसापासून धरावयास हरकत नाहीं. त्या दिवशीं अमेरिकेंतील आय.बी.एम्. कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्या मुख्य पट्टीवर, म्हणजे ज्याला आज आपण मदरबोर्ड म्हणतों त्यावर, पडद्यावर कांहीं दाखविण्याची सोयच नव्हती. ती निराळ्या कार्डानें करावयाची, आणि अशीं कार्डें बसविण्यासाठीं आंत पांच स्लॉट ठेवलेले. म्हणजे कोणतें कार्ड घ्यावें हा प्रश्न ह्या यंत्राच्या जन्माबरोबरच जन्मला. पर्याय दोन होते. एक कार्ड केवळ अक्षरें दाखवी. ओळींत ८० अक्षरें, पडद्यावर २५ ओळी. अक्षर मोत्यासारखें, पण चित्राची बात नाहीं. दुसरें रंगीत. त्याच्याजवळ १६ किलोबाइट स्मृति असे व ३२० गुणिले २०० ठिपक्यांचें चित्र तें एका वेळीं चार रंगांत दाखवी. मात्र त्यावरचें अक्षर इतकें भरड, कीं दिवसभर हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचे डोळे दुखावेत. आणखी एक आंकडा येथें सांगून ठेवतों, पुढें त्याचें काम पडेल. ह्या संबंध संगणकाला वीज पुरविणारी पेटी ६३.५ वॅटची होती. आपल्या घरांत पूर्वीं साठ वॅटचा पिवळा दिवा असे, जवळजवळ तेवढीच वीज.

अक्षर कीं चित्र ही अडचण ज्यानें प्रथम सोडविली तो एक थाई विद्यार्थी होता, ही गोष्ट मला फार आवडते. व्हॅन सुवन्नुकुल हें त्याचें नांव. कॅलिफोर्नियांत डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत असतां त्याला तो आपल्या थाई लिपींत टंकावयाचा होता. आय.बी.एम्.च्या अक्षरकार्डांत इंग्रजी अक्षरांचे सांचे कायमचे कोरलेले. थाई अक्षर त्यांत बसेना. तेव्हां त्यानें स्वतःच एक कार्ड रचलें व १९८२ सालीं 'हर्क्युलिस' ह्या नांवानें तें विकावयास काढलें. एकाच रंगांत, पण ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचें चित्र तें काढी आणि अक्षरहि सुबक ठेवी. पुढें हिशेबाचे आलेख काढण्यासाठीं तें इतकें खपलें कीं थाई प्रबंधाची आठवणहि कोणाला राहिली नाहीं.

आपल्या देवनागरीची कथा ह्याच घरांतली आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें भारतीय लिप्यांसाठीं जें काम १९८० च्या दशकांत झालें त्यांत मोहन तांबे ह्यांचा मोठा वांटा होता. तेंच काम पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत पुढें चाललें आणि त्यांतून 'जिस्ट' कार्ड घरोघर नव्हे तरी कचेरीकचेरींत पोंचलें. तें संगणकाच्या रिकाम्या स्लॉटमध्यें बसवीत. जुन्या डॉस पद्धतीचे कार्यक्रम आपण नेहमींचा मजकूर पाठवीत आहों अशाच समजुतींत असत. आणि इकडे कार्ड तो मजकूर देवनागरी, तमिळ किंवा बंगाली अक्षरांत पडद्यावर मांडी. मूळ यंत्र जुनेंच, कार्यक्रमहि तेच, एका कार्डाची भर घातली आणि तें मराठी बोलूं लागलें. जुन्या संगणकांत नवें कार्ड घालण्याचा ह्याहून सार्थ दाखला मला सांपडला नाहीं.

ह्यानंतरचीं कांहीं वर्षें भरभर ओलांडूं. १९८७ सालीं आय.बी.एम्.नें व्ही.जी.ए. ही पद्धति आणली. ६४० गुणिले ४८० ठिपके, सोळा रंग, आणि पंधरा पिनांचा तो जोड, जो आपण पुढें निळ्या रंगांत पाहिला. शेंकडों कारखान्यांनीं तिची नक्कल केली, भाव पडले, आणि कार्ड ही किरकोळ वस्तु होऊन बसली. मदरबोर्ड व कार्ड ह्यांमधला रस्ता तेवढा वेळोवेळीं रुंद होत गेला. १९९२ सालीं पी.सी.आय., १९९७ च्या सुमारास ए.जी.पी., आणि २००४ पासून पी.सी.आय. एक्सप्रेस. हा शेवटला रस्ता आजहि चालूं आहे. त्याची मोठी सोय अशी कीं त्याच्या निरनिराळ्या पिढ्या एकमेकींशीं जमवून घेतात. नवें कार्ड जुन्या स्लॉटमध्यें चालतें, फक्त वेग जुन्याचा.

आतां १९९६ साल. कॅलिफोर्नियांत 'थ्रीडीएफ्एक्स' नांवाची एक लहान कंपनी दोन वर्षांपूर्वीं निघाली होती. तिचे संस्थापक सिलिकन ग्राफिक्स ह्या बड्या कंपनींत काम केलेले. लाखों रुपयांच्या यंत्रांवर त्रिमिती चित्रें कशीं काढतात हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं 'व्हूडू' नांवाची एक चिप केली. ती मुळांत खेळगृहांतील यंत्रांसाठीं योजलेली होती, कारण तिला लागणारी स्मृति घरगुती ग्राहकाला परवडण्यासारखी नव्हती. परंतु त्याच वर्षीं रॅमचे भाव एकाएकीं कोसळले आणि ४ एम्.बी. स्मृति घातलेलें व्हूडू कार्ड सुमारें ३०० डॉलरला देतां येऊं लागलें. श्रोतेहो, स्वस्त कार्डाच्या इतिहासांत बुद्धिमत्तेइतकाच रॅमच्या भावाचा हात आहे, हें विसरूं नये. २०२५ च्या अखेरीस तेच भाव उलट दिशेनें भडकले, तेव्हां मला ह्या प्रसंगाची आठवण झाली.

व्हूडूची मौज अशी कीं तें जुन्या कार्डाला काढून टाकीत नसे. जुनें कार्ड आपल्या जागीं राही, व्हूडू शेजारच्या स्लॉटमध्यें बसे, आणि एक लहानशी केबल जुन्याचें चित्र व्हूडूमधून मॉनिटरकडे नेई. साधें काम जुन्यानें करावें. त्रिमिती खेळ सुरू झाला कीं व्हूडूनें सूत्रें हातीं घ्यावींत. हें वैभव पांचसात वर्षेंहि टिकलें नाहीं. दुसऱ्या कंपन्यांनीं दोन्ही कामें एकाच कार्डांत आणलीं, थ्रीडीएफ्एक्सनें स्वतः कार्डें बनविण्याचा कारखाना विकत घेऊन आपल्याच गिऱ्हाइकांशीं स्पर्धा मांडली, आणि डिसेंबर २००० मध्यें तिची मालमत्ता एन्व्हिडिया ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनें घेण्याचें ठरलें.

एन्व्हिडिया १९९३ मध्यें निघालेली. १९९९ सालीं 'जीफोर्स २५६' काढतांना तिनें जी.पी.यू. हा शब्द रूढ केला. जी.पी.यू. म्हणजे काय तें माझ्या भाषेंत सांगतों. वर्गांतला सर्वांत हुशार मुलगा कोणतेंहि अवघड उदाहरण सोडवील, पण लाख बेरजा दिल्या तर तोहि थकेल. त्याऐवजीं शेंकडों साधीं मुलें ओळीनें बसवून प्रत्येकाला एकेक बेरीज दिली, तर काम चुटकीसरशी उरकतें. पहिला मुलगा म्हणजे प्रोसेसर; शेंकडों मुलांचा वर्ग म्हणजे जी.पी.यू. पडद्यावरील चित्र हें असल्या बेरजांचेंच काम आहे.

२००० च्या जूनमध्यें ह्याच कंपनीनें 'जीफोर्स २ एम्एक्स' आणलें. गरिबाचें कार्ड म्हणून ज्याची लाज वाटूं नये असें तें पहिलें. वीज इतकी थोडी खाई कीं पुष्कळांवर पंखाहि नसे, धातूचा एक तुकडा उष्णतेला पुरे. त्यानें कमावलेल्या नांवाचें पुढें काय झालें तें ऐका. २००२ सालीं 'जीफोर्स ४ एम्एक्स' आलें. आदल्याच वर्षीं आलेल्या जीफोर्स ३ मध्यें शेडर नांवाची एक नवी विद्या होती. कार्डाला काय करावें हें कार्यक्रम लिहिणारा स्वतः शिकवूं शके. ४ एम्एक्समध्यें ती विद्या नव्हतीच. आंतली रचना बहुतांशीं २ ची. चौथींत बसविलेला मुलगा तिसरीच्या मुलाच्या मागें! खेळ लिहिणारे प्रसिद्ध जॉन कार्मॅक ह्यांनीं ह्या नामकरणाबद्दल त्या वेळींच उघड नापसंती दर्शविली होती. पुढें नवे खेळ आले आणि ज्यांनीं आंकडा पाहून कार्ड घेतलें होतें त्यांना ते चालवितां येईनात.

येथून मला ह्या इतिहासाची किल्ली सांपडली असें वाटतें. महागड्या कार्डाच्या गिऱ्हाइकाला फसविणें कठीण, कारण तो शोधून घेतो. स्वस्त कार्डाचा गिऱ्हाईक नांव पाहून घेतो, आणि म्हणून खोडी नांवांत केलेली असते. २०१६ सालीं जी.टी.एक्स्. १०६० हें नांव दोन कार्डांना दिलें, ६ जी.बी.वाल्यांत १,२८० गणनघटक, ३ जी.बी.वाल्यांत १,१५२. डब्यावरून कोणी समजेल कीं फरक केवळ स्मृतीचा. दुसरी कंपनी ए.एम्.डी. सुद्धां ह्यांत सोंवळी नाहीं. २०१७ मध्यें तिच्या आर.एक्स्. ५६० ह्या नांवाखालीं कमी घटकांचें कार्ड बाजारांत वावरत असल्याचें उघडकीस आलें. 'टी.आय.', 'सुपर', 'एक्स्.टी.' ह्या शेपट्या म्हणजे तर जुन्या काळच्या रावसाहेब-रावबहादुर पदव्याच. फरक असतो खरा, पण किती, तें दरबारांतल्यालाच ठाऊक!

आणि आतां माझें जी.टी. १०३०. तें मे २०१७ मध्यें आलें तेव्हां त्यावर जी.डी.डी.आर. ५ जातीची वेगवान स्मृति होती. एका सेकंदांत ४८ जी.बी. मजकूर ये-जा करी. २०१८ सालीं त्याच नांवानें दुसरें कार्ड निघालें, त्यावर साधी डी.डी.आर. ४ स्मृति, सेकंदाला १६.८ जी.बी. नांव तेंच, २ जी.बी. हा आंकडाहि तोच, रस्ता मात्र एकतृतीयांशाच्या आसपास. ह्याचें महत्त्व हिशेबानें कळतें. आजच्या सामान्य मॉनिटरवर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला चार बाइट आणि सेकंदाला साठ चित्रें धरलीं तर नुसतें तयार चित्र पडद्याकडे पाठविण्यासच सुमारें ५० कोटी बाइट लागतात. तें चित्र तयार करावयाचें तर भिंतीचा रंग, विटांचा पोत, पुढचें काय व मागचें काय ह्याची नोंद, असें प्रत्येक ठिपक्यासाठीं कितीदां तरी स्मृतींत जावें यावें लागतें. घटक ३८४ असोत कीं आणखी किती, पाटीवरचा हिशेब त्यांच्यापर्यंत वेळेवर न पोंचेल तर वर्ग हात बांधून बसतो. डब्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत 'डीडीआर ४' असें छापलेलें होतें. मुलांना प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचा म्हणून मीं जन्मभर सांगितलें. आणि डबा मात्र मीं समोरूनच वाचला.

आतां मूळ प्रश्न. जुन्या संगणकाला कोणतें कार्ड? येथें कार्डाच्या आधीं संगणकाकडे पाहावें लागतें, आणि त्यांतहि प्रथम विजेकडे. पी.सी.आय. एक्सप्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. पहिल्या आय.बी.एम्. संगणकाची सगळी पेटी ६३.५ वॅटची होती हें आठवा, म्हणजे काळ कोठें येऊन पोंचला तें ध्यानांत येईल. ह्याहून अधिक हवी असेल तर एस्.एम्.पी.एस्.मधून निराळी सहा किंवा आठ पिनांची वायर आणावी लागते. कचेऱ्यांचे बारीक संगणक बनविणाऱ्यांनीं ती वायर ठेवलेलीच नसते, कारण कारकुनाला तिचें काम नाहीं. आणि त्यांची पेटी बहुधा त्यांच्याच आकाराची, बाजारांतली दुसरी तेथें बसत नाहीं. नातीच्या संगणकाची पेटी २४० वॅटची निघाली, जास्तीची वायर एकहि नाहीं. तेव्हां स्लॉटच्या ७५ वॅटांत जें भागवील तेंच कार्ड आमचें.

ह्या ७५ वॅटवाल्यांचें एक छोटेंसें घराणें आहे. अगदीं स्वस्त कार्डांचें काम आधींच संपलेलें होतें. इंटेलनें १९९९ मध्यें चित्राची सोय मदरबोर्डावरच्या चिपमध्यें आणि २०११ पर्यंत थेट प्रोसेसरच्या चिपमध्यें आणून बसविली होती. वरच्या बाजूस कार्डांची भूक शेंकडों वॅटपर्यंत गेली. ह्या दोहोंच्या मधल्या जागेंत फेब्रुवारी २०१४ मध्यें जी.टी.एक्स्. ७५० टी.आय. आलें, १४९ डॉलर किंमत, ६० वॅट वीज, जास्तीची वायर नको. कचेऱ्यांतून निघालेल्या हजारों संगणकांना त्यानें दुसरा जन्म दिला. ऑक्टोबर २०१६ मध्यें १३९ डॉलरचें १०५० टी.आय. आलें, ४ जी.बी. स्मृतीचें. एप्रिल २०१९ मध्यें १६५०, पुन्हां १४९ डॉलरला, ८९६ घटकांचें. दरम्यान २०१७-१८ मध्यें आणि पुन्हां २०२०-२१ मध्यें आभासी चलन खोदणाऱ्यांनीं बाजार धुवून नेला. दुसऱ्या खेपेस चिपांचाच दुष्काळ पडला. २०२१ च्या आरंभीं एन्व्हिडियाला चार वर्षांचें जुनें १०५० टी.आय. पुन्हां बाजारांत पाठवावें लागलें. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथीरियमनें आपली पद्धत बदलली व हें खोदकाम एका दिवसांत थांबलें. मग तींच राबलेलीं कार्डें सेकंडहँड बाजारांत उतरलीं.

घराण्यांतलीं धाकटीं भावंडें मात्र जरा निराळीं निघालीं. ए.एम्.डी.चें आर.एक्स्. ६४०० (२०२२, ५३ वॅट) मला प्रथम फारच पसंत पडलें होतें. पण त्याला सोळापैकीं चारच पदरांचा रस्ता ठेवला आहे. नव्या संगणकांत चार पदर सेकंदाला सुमारें ८ जी.बी. नेतात, नातीच्या संगणकासारख्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्यें अवघे ४. कार्डाची ४ जी.बी. स्मृति भरली कीं उरलेलें सामान रॅममधून ह्याच अरुंद बोळानें आणावें लागतें. म्हणजे जुन्या संगणकासाठीं सोयीचें दिसणारें हें कार्ड जुन्या संगणकांतच मागें पडतें. इंटेलच्या आर्क ए३८० चीहि तीच तऱ्हा. जुन्या यंत्रांत प्रोसेसरला कार्डाची स्मृति २५६ एम्.बी.च्या खिडकींतूनच दिसते. आर्कला ती सताड उघडी लागते, आणि दहाव्या पिढीच्या अलीकडचा प्रोसेसर असावा असें इंटेल स्वतःच सांगते. आमचा चौथ्या पिढीचा. फेब्रुवारी २०२४ मध्यें आलेलें आर.टी.एक्स्. ३०५० चें ६ जी.बी. रूप ७० वॅटमध्यें चालतें व तें सर्वांत उत्तम. अर्थात् तें ८ जी.बी.च्या थोरल्या ३०५० चें नांव घेऊन वावरणारें कमी घटकांचें कार्ड आहे, हें आतां आपल्याला नवल वाटूं नये. पण त्याची किंमत आमच्या उरलेल्या सात हजारांत कोठली बसणार? २०२५ मध्यें आलेलें ५०५० तर १३० वॅटचें, वायर मागणारें.

राहिलीं १०५० टी.आय. आणि १६५०. पहिलें स्वस्त. पण जुलै २०२५ मध्यें एन्व्हिडियानें जाहीर केलें कीं ७५० व १०५० ह्यांच्या पिढ्यांना खेळांसाठींचा शेवटला नेहमींचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्यें मिळेल, आणि त्यापुढें ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या. १६५० त्याच्या पुढच्या पिढींतलें असल्यामुळें ह्या यादींतून वांचलें. शिवाय १०५० टी.आय.च्या नांवानें नकली कार्डें फार झालीं. २०११ च्या आसपासच्या जुन्या चिपला नवें नांव शिकवून विकतात. अशा कार्डाच्या पाठीवर बहुधा व्ही.जी.ए.चा जोड आढळतो, आणि खऱ्या १०५० च्या चिपमधून तो जुना संकेत निघतच नाहीं. 'जी.पी.यू.-झेड' नांवाचा फुकट कार्यक्रम २०१८ पासून अशा सोंगाड्यांना नांवानिशीं ओळखतो.

ह्या वेळीं मीं एकट्यानें कांहीं केलें नाहीं. कॅबिनेट उघडून नातीनें पट्टी लावली. आंत पूर्ण उंचीचें कार्ड मावणार नव्हतें, अर्ध्या उंचीचेंच हवें होतें, आणि त्याच्याबरोबर अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टीहि. लॅमिंग्टन रोडवर आमच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरींत जें १६५० दाखविलें त्याच्या टोकाला सहा पिनांची जागा होती. कांहीं कारखानदार तेंच कार्ड जास्त वेगानें पळवितात व त्याला वायर लागते. तिनें तें हातांत घेऊन उलटें केलें, टोक पाहिलें आणि परत दिलें. मी असतों तर तें घेऊनच आलों असतों. दुसऱ्या फेरींत अर्ध्या उंचीचें, वायर न मागणारें, एका ओळखीच्या विद्यार्थ्यानें विकावयास ठेवलेलें कार्ड मिळालें. दुकानदारानें तें आमच्यासमोर अर्धा तास चालवून दाखविलें, 'जी.पी.यू.-झेड'मध्यें नांव खरें निघालें. तें नऊ हजारांना पडलें. वरचे दोन हजार मीं घातले, आणि ते माझ्या दंडाचे म्हणून घातले.

घरीं येऊन कार्ड बसविलें आणि मॉनिटरची केबल लावावयास गेलों, तर आमचा मॉनिटर जुना, त्याला एकच जोड, तो १९८७ चा व्ही.जी.ए.; कार्डावर त्याला जागा नाहीं. दोघेंहि एकमेकांकडे पाहूं लागलों. इतका इतिहास वाचून हीच गोष्ट माझ्या ध्यानांतून गेली होती! कोपऱ्यावरच्या दुकानांतून एक ॲडॅप्टर आणला तेव्हां पडदा उजळला. मग तिनें आपला नमुना उघडला. आमच्या जुन्या चाळीची तिनें मोजमापें घेऊन मांडणी केली आहे. जिना, गॅलरी, मधला चौक, चौकांतला नळ. तो नमुना तिनें एक पूर्ण फेरा फिरवला. थांबला नाहीं.

जी.टी. १०३० माझ्याच संगणकांत गेलें आहे. त्यावर मी पत्रें लिहितों आणि वर्तमानपत्र वाचतों. तेवढ्याला तें मुबलक आहे. डबा मीं टाकलेला नाहीं. नातीनें काल नव्या मॉनिटरचा विषय काढला, आणि त्याची माहिती ती स्वतःच काढणार आहे, असेंहि बजावून ठेवलें.